बिनबटाट्याचा नाताळ

बायकोला एक दिवस जेवण करून घालीन, एवढंच मी म्हणालो होतो. एक दिवस, एक जेवण, एक बायको. यातला शेवटचा आकडा पुढे चौदावर गेला यात माझा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्या किलक्रीन गावात सध्या जी हकिगत फिरतेय, तिच्यात सगळा दोष माझाच आहे.

सहा जानेवारीला आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्क भागात बायकांचा नाताळ असतो. खऱ्या नाताळात राबराब राबलेल्या बाईने त्या दिवशी चमच्यालासुद्धा हात लावायचा नाही आणि घरातल्या पुरुषाने चुलीपुढे उभं राहायचं, अशी रीत. रीत फार सुंदर आहे. गेली अडतीस वर्षं मी ती निष्ठेने पाळत आलोय. म्हणजे कार्मेल तिच्या बहिणीबरोबर हॉटेलात जेवायला जाते आणि मी घरी अंडं उकडून खातो.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबरात दवाखान्यातल्या नर्स असम्प्टाने कार्मेलचं रक्त तपासलं आणि आकडा आला सत्तेचाळीस. आमच्याकडच्या मापात अठ्ठेचाळीसला मधुमेह म्हणतात. म्हणजे दारात उभा, फक्त बेल वाजवायची बाकी. असम्प्टा म्हणाली, "बटाटा, पाव, साखर बंद. जानेवारीत पुन्हा बघू. खाली आला तर सुटलीस, नाहीतर गोळ्या."

हे कोणाही आयरिश माणसाला सांगणं कठीण, आणि कार्मेल तर बटाटा पिकवणाऱ्याची मुलगी. तिचे वडील जेरी समुद्रकाठच्या शेतात पन्नास वर्षं बटाटाच लावत होते. उकडलेल्या बटाट्याची साल तडकून आतला पांढरा गर दिसायला लागला की ते टोपात डोकावून म्हणायचे, "बघा, हसायला लागला!" त्याशिवाय ते टोप उतरवू द्यायचे नाहीत. याच जेरींची साखरेने आधी बोटं नेली, मग पाऊल नेलं, मग त्यांनाच नेलं. तेव्हा सत्तेचाळीस हा आकडा ऐकून कार्मेल घाबरली आणि तिच्याहून जास्त मी घाबरलो. ती निदान कपडे इस्त्री करत घाबरत होती. मी नुसताच घाबरत होतो.

त्या दिवसापासून कार्मेलने बटाट्याला हात लावला नाही. नाताळच्या दिवशी आम्ही तिच्या बहिणीकडे जेवायला होतो. आमच्या नाताळच्या ताटात बटाटा तीन प्रकारचा असतो: भाजलेला, कुस्करलेला, आणि 'असू दे बाजूला' म्हणून उकडलेला. अख्खं टेबल तिन्ही प्रकार खात होतं आणि कार्मेल टर्कीचा एक तुकडा आणि कोबीची तीन पिल्लं समोर घेऊन हसत बसली होती. सगळे तिला म्हणत होते, "वा, काय निग्रह आहे गं तुझा!" परत येताना गाडीत तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "कॉलमन, सगळ्यांनी मला इतकं सांभाळून घेतलं ना, की मी मेलेय असं वाटलं मला."

मी जे बोललो ते असं: "सहा तारखेला मी करतो तुला नाताळचं जेवण. टर्की, तिच्यात भरायचं सारण, कुस्करा, पुडिंग, सगळं साग्रसंगीत. आणि त्यात बटाटा नाही, पीठ नाही, साखर नाही."

"तू?" कार्मेल म्हणाली. "तू पाव भाजायला ठेवलास की मी खिडक्या उघडते."

"मी."

"सात तारखेला सकाळी नऊला माझं रक्त घेणार आहेत, माहिती आहे ना?"

"म्हणूनच तर. आदल्या दिवशी पोटभर जेवशील आणि आकडा हलणार नाही."

ती हसली. खरी हसली, बहिणीकडचं हसू नव्हे. तिथेच मी अडकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेलने ही बातमी चर्चच्या गाणाऱ्या मंडळात सांगितली. मंडळात तिच्याशिवाय तेरा बायका आहेत, आणि या वयात साखरेने कोणाला सोडलंय? तिघी आधीच गोळ्यांवर, चौघी कडेवर, आणि बाकीच्यांना आपण कडेवर आहोत असा संशय. मला तिचा फोन आला. "अरे कॉलमन, बर्नी विचारत होती, तिलाही चालेल का यायला? आणि बर्नी आली तर कन्सेप्टाला कसं नाही म्हणायचं?" मी म्हणालो, "येऊ दे की." हे तीन शब्द मी पुढे दहा दिवस आठवत होतो. संध्याकाळपर्यंत तेराच्या तेरा झाल्या आणि कार्मेल धरून चौदा. हो, जिने बटाटा बंद केला ती असम्प्टासुद्धा त्यांत, कारण ती मंडळात दुसऱ्या ओळीत गाते.

आमच्याकडे खुर्च्या सहा. त्यातल्या एकीवर बसायचं नाही, ती नुसती दिसायला आहे. तेव्हा गावचा हॉल घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि हॉल म्हटलं की फिनबार.

फिनबार हा आमचा निवृत्त हेडमास्तर आणि हॉल कमिटीचा सेक्रेटरी. मी त्याच्या घरी गेलो, तर त्याने मला बैठकीत न बसवता ओसरीतल्या टेबलाशी बसवलं आणि अर्ज काढला.

"अर्जदाराचं नाव?"

"फिनबार, तू माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होतास."

"तसा रकाना नाही यात. नाव?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी चौतीस वर्षं कौन्सिलात बांधकामाचे अर्ज तपासायचो. चौऱ्याण्णव साली फिनबारचा गॅरेजचा अर्ज मी तीनदा परत पाठवला होता, कारण त्याच्या नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती. "गावात उत्तर कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही माहिती आहे," असं तो तेव्हा म्हणाला होता. मी म्हणालो होतो, "नियम आहे." मला वाटत होतं, तो विसरला असेल.

"स्वयंपाकघराचा नकाशा जोडायचा," फिनबार म्हणाला. "चुली कुठे, सिंक कुठे, दार कुठे. आणि उत्तर दिशा दाखवायची."

"टर्की भाजायला उत्तर दिशा कशाला?"

"नियम आहे," फिनबार म्हणाला. हे वाक्य त्याने तीस वर्षं कपाटात जपून ठेवलं असावं, इतक्या चवीने म्हणाला.

त्याशिवाय हात कसे धुवावेत याचं दोन तासांचं शिक्षण घ्यावं लागलं. ते मला एका पंचविशीच्या मुलीने दिलं आणि शेवटी "छान हं!" असं म्हणून प्रमाणपत्र हातात ठेवलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मला कोणी "छान हं!" म्हटलं नव्हतं. मग आली बाधणाऱ्या पदार्थांची यादी. कोणाला ना कोणाला बाधतात असे चौदा पदार्थ असतात: दाणे, अंडी, मोहरी, सेलेरी वगैरे. यातलं जेवणात काय काय आहे ते भिंतीवर लिहून लावायचं. बायका चौदा, पदार्थही चौदा. फिनबारचा असा समज झाला, की प्रत्येकीच्या वाट्याला एकेक आलाय, आणि त्याने त्यांची नावंही घालून ठेवली होती. ती खोडायला एक सकाळ गेली. बटाटा मात्र त्या यादीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मला या गोष्टीचा फार आधार वाटला.

एवढा मोठा बेत एकट्याच्या हातून होणार नाही हे गावाला माझ्याआधी कळलं. फिनबार म्हणाला, कमिटीतर्फे देखरेखीला तो जातीने हजर राहील. फादर कोरमॅक म्हणाले, "सगळ्या बायका माझ्याच मंडळातल्या, मी घरी बसून कसं चालेल?" खरं कारण असं, की फादर एकटे राहतात आणि त्यांचा सांभाळ करणारी मिसेस डॅलीही त्या चौदांत होती. म्हणजे त्यांचंही जेवणाचं घोडं अडलं होतं. तिसरा माझा शेजारी मॉस अहर्न. तीस एकरांत बटाटा लावणारा माणूस. तो कुंपणावर रेलून मी काय काय करणार ते ऐकत होता.

"बटाट्याच्या जागी काय म्हणालास?"

"फ्लॉवर. उकडायचा, घोटायचा, लोणी-साय घालायची. पुस्तकात लिहिलंय की फरक कळत नाही."

"पुस्तक लिहिणारा कुठला?"

"मला काय माहीत!"

"आपल्याकडचा नाही," मॉस म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "बिचारी कार्मेल. मी येतो मदतीला."

आधी पुडिंगची चाचणी घेतली. बदामाचं पीठ, अंडी, अक्रोड आणि साखरेऐवजी दुकानातली एक पांढरी पूड. पुडिंग दिसायला अगदी पुडिंगसारखं झालं. फिनबारने कमिटीची तपासणी म्हणून तीन मोठ्या फोडी खाल्ल्या. त्या पुडीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की जास्त खाल्ल्यास पोट ढिलं होतं. ते मी वाचलं तेव्हा फिनबारची संडासाकडे चौथी फेरी चालू होती आणि हॉल कमिटीची त्या दिवशीची बैठक तहकूब झाली होती. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा चेहरा उतरला होता, पण म्हणाला, "चव चांगली होती." मी ती पूड चौथ्या हिश्श्यावर आणली.

आणि सहा तारीख उजाडली.

सकाळी पहिला अपशकुन फ्लॉवरचा. मला हवे होते चौदा गड्डे. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अख्खा देश पश्चात्ताप करत असतो आणि सगळे फ्लॉवरच घेतात. तीन गावं फिरून आठ मिळाले, त्यातला एक पिवळा. मॉस आला तो एका हातात भाजायला तयार टर्की आणि दुसऱ्या हातात भलामोठा टोप घेऊन. त्यात उकडलेले बटाटे होते.

"हे काय!" मी ओरडलो. "हे इथे कशाला आणलंस?"

"आपल्याला," मॉस शांतपणे म्हणाला. "आपण चौघांनी जेवायचं नाही का? आपल्याला कुठे साखर आहे? वीस आहेत. कमी पडले तर सांगा."

टोप मागच्या चुलीवर झाकून ठेवला. मी सगळ्यांना बजावून सांगितलं, की हा टोप वेगळा आणि तो टोप वेगळा. याचा डाव त्यात आणि त्याचा डाव यात जाता कामा नये. "कार्मेलचं उद्या रक्त आहे," मी म्हणालो. तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. फादरांनी तर डोळेही मिटले.

आठ गड्डे उकडले आणि घोटले. झालं काय, तर पाणी. नुसतं पाणी! डाव उभा केला की तो सावकाश आडवा होत तळाला जायचा. पुस्तकात लिहिलं होतं, 'पिळून काढा'. मॉसने घरून उशीचा धुतलेला अभ्रा आणला, त्यात सगळं भरलं, आणि एका बाजूने मॉस, दुसऱ्या बाजूने फादर असा पिळायला सुरुवात केली. फादर तरुणपणी हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळायचे, मनगटात अजून जोर आहे. तिसऱ्या पिळ्याला अभ्रा शिवणीतून फाटला आणि निम्मा फ्लॉवर भिंतीवरच्या गावच्या जुन्या विजेत्या संघाच्या फोटोवर जाऊन बसला. गोलकीपरचं तोंड दिसेना. फिनबार म्हणाला, "याची नोंद करावी लागेल." मी त्याला काय म्हणालो ते फादरांच्या देखत म्हणायला नको होतं.

उरलेला गोळा टोपाच्या तळाशी बसला, मुठीएवढा नाही म्हणत, पण चौदा बायकांना पुरेल असा मुळीच नाही. बाहेर हॉलमध्ये बायका येऊ लागल्या होत्या. ओव्हनमध्ये टर्की, सारणात बदाम की अक्रोड यावर वाद, कोणीतरी सॉस हलवायचा, कोणीतरी ताटं पुसायची, अशी पळापळ सुरू झाली. मी मध्येच दाराशी गेलो, बाधणाऱ्या पदार्थांचा नवा तक्ता चिकटवला, मग परत आलो, मग पुन्हा ताटं मोजायला गेलो. आणि काय चमत्कार! मी परत आलो तेव्हा कुस्कऱ्याचा टोप पाव भरला होता. पुन्हा परत आलो तेव्हा निम्मा. शेवटी बघितलं तर काठोकाठ, आणि डाव ताठ उभा.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"फुगतो फ्लॉवर," मॉस म्हणाला.

"हवेचा दाब," फिनबार म्हणाला.

"येशूने पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरवले तेव्हाही लोकांनी हेच विचारलं होतं," फादर म्हणाले आणि घाईघाईने टर्की कापू लागले.

वाढपाच्या खिडकीतून आम्ही ताटं बाहेर दिली आणि चौघेही तिथेच एकमेकांच्या खांद्यावरून बघत उभे राहिलो. कार्मेल निळा पोशाख घालून मधल्या टेबलाशी बसली होती, शेजारी असम्प्टा. कार्मेलने कुस्कऱ्याचा पहिला घास घेतला. तिचा हात थांबला. डोळे मिटले, आणि जेव्हा उघडले तेव्हा ते भरून आले होते. तिने खिडकीकडे बघितलं, आम्हा चौघांकडे, आणि मान हलवली. मॉसने माझ्या पाठीवर थाप मारली. मी चौतीस वर्षांत कितीतरी अर्ज मंजूर केले असतील, पण असं कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

बायका तुटून पडल्या. "अहो, हा फ्लॉवर आहे?" "अगं, खरंच नाही कळत!" "कॉलमन, आणखी आहे का?" कार्मेलला मी दुसऱ्यांदा वाढलं आणि थोड्या वेळाने बघितलं तर ताट लख्ख. असम्प्टा तर तिसऱ्या खेपेला होती. सारण थोडं करपलं होतं आणि पुडिंग थोडं कच्चं होतं, पण कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. मिसेस डॅलीने तर "तुम्हाला यातलं काहीच येत नसेल असं वाटलं होतं," असं तोंडावर सांगितलं, आणि हे तिच्याकडून म्हणजे पदकच.

मग आम्ही चौघे मागे जेवायला बसलो. टर्की घेतली, सॉस घेतला आणि मी मागच्या चुलीवरच्या टोपाचं झाकण उचललं.

आत एक बटाटा होता.

फिनबार छताकडे बघत होता, मॉस बुटाकडे.

"मॉस," मी म्हणालो, "वीस होते ना?"

"असतील."

"मग एकोणीस कुठे गेले?"

मग मॉसने मान खाली घालूनच सांगितलं, "पाच मी टाकले. अरे, त्याला काही अंगच नव्हतं! जेरीच्या मुलीपुढे मी तसलं पाणी ठेवू? हे बटाटे जेरीच्याच बेण्याचे आहेत, त्याने मला दिलं होतं शेवटच्या साली."

"चार," फिनबार म्हणाला. "प्रयोग म्हणून."

फादर कोरमॅकांनी माझा हात धरला आणि मला कोपऱ्यात नेलं. एरवी पापांची कबुली द्यायला मी त्यांच्यापुढे गुडघे टेकतो, आज ते माझ्यापुढे वाकले होते. "कॉलमन, माझ्या हातून सहा गेले रे. आधी एकच टाकणार होतो. पण एकदा हात सुटला की सुटतोच, हे मी तुम्हा लोकांना दर शनिवारी सांगत असतो."

पाच, चार आणि सहा, पंधरा. टोपात एक, सोळा. मी आयुष्यभर लोकांच्या बेरजा तपासल्या आहेत. चार बटाट्यांचा हिशेब लागत नव्हता. तिघंही हळूहळू माझ्याकडे वळून बघू लागले.

तर आता सांगतोच. वर मी म्हणालो, ताटं मोजायला गेलो. त्याआधी मी त्या कुस्कऱ्याची चव घेतली होती. तुम्ही ओला टीपकागद खाल्ला आहे का? मी खिडकीतून बाहेर बघितलं. कार्मेल येऊन बसली होती आणि तिने चेहऱ्यावर हसू आधीच लावून ठेवलं होतं, अगदी बहिणीकडचं. 'काय वाईट झालंय!' असं वाटलं तरी दिसू नये म्हणून. मला ते बघवलं नाही. मी चार टाकले. चारच, आणि तेही मध्यम.

आम्ही तो उरलेला एक बटाटा चौघांत वाटून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला असम्प्टाने कार्मेलचं रक्त घेतलं. आदल्या दिवशीचे एकोणीस बटाटे चौदाजणींत भागले तर प्रत्येकीला जवळजवळ दीड. कार्मेलने दोनदा घेतलं, म्हणजे तीनाच्या घरात. मी ते डोक्यात करत बाहेर बसलो होतो. निकाल आठवड्याने. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कार्मेल गुणगुणत घर आवरत होती, नाताळच्या माळा खोक्यात भरत होती, आणि मी तिच्या पायांकडे बघत होतो. रोज. तिची पावलं छान आहेत, लहान आहेत, जेरींसारखी रुंद. एकदा तिने विचारलं, "माझ्या मोज्याला भोक पडलंय का?" मी म्हणालो, "नाही, नाही." सांगून टाकावं असं दिवसातून दहा वेळा ओठांवर यायचं. पण तिने त्या जेवणाचं कौतुक आठ जणींना फोन करून सांगितलं होतं, आणि मी कचरा बाहेर टाकायला उठायचो. मॉस कुंपणाशी येऊन नुसता भुवया उंचावायचा. मी नुसती मान हलवायचो. फादरांनी रविवारी प्रार्थनेत "आपल्यातल्या ज्यांच्या तपासण्या बाकी आहेत त्यांच्यासाठी" अशी एक ओळ घातली आणि फिनबार मोठ्याने "आमेन" म्हणाला.

चौदा तारखेला असम्प्टाने आम्हा दोघांना बोलावलं. दोघांना! एकट्या पेशंटऐवजी नवऱ्यालाही बोलावतात ते कशाला, हे काय मला कळत नाही?

असम्प्टाने कागद काढला, चष्मा लावला आणि म्हणाली, "चाळीस."

"चाळीस काय?" मी विचारलं.

"आकडा. सत्तेचाळीसवरून चाळीस. कार्मेल, सुटलीस तू. गोळ्या नाहीत, काही नाही. तीन महिन्यांची कमाई आहे ही तुझी."

मी असम्प्टाचा हात धरला, मग सोडला, मग कार्मेलचा धरला. तो मात्र सोडला नाही. मला वाटतं, मी थोडा रडलो. असम्प्टाने टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला, कार्मेलपुढे नव्हे. तीन महिने छातीवर कोणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. इतकं हलकं वाटत होतं की तिथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं!

पण असम्प्टा म्हणाली, "आणि कॉलमन, तुम्हाला यासाठी बोलावलं. त्या कुस्कऱ्याची कृती हवी मला. मी छापून घेणार आहे. माझ्याकडे मधुमेहाचे ऐंशी पेशंट आहेत, सगळ्यांना फ्लॉवर नको म्हणून रडू येतं. त्यांना एकेक कागद देते."

ऐंशी! माझ्या डोळ्यांपुढे ऐंशी घरं उभी राहिली, ऐंशी टोप, आणि त्यात माझ्या नावाची कृती. आता जर मी फ्लॉवर, लोणी, साय एवढंच सांगितलं, तर ऐंशी लोक ओला टीपकागद खाऊन मला शिव्या घालणार. आणि खरं सांगितलं तर कार्मेल इथेच शेजारी बसलेली. बटाटा त्या चौदा पदार्थांच्या यादीत नव्हता, म्हणजे मी नियमाविरुद्ध काहीही केलेलं नाही, असं सुरुवातीला म्हणावं असं मनात आलं.

"असम्प्टा," मी म्हणालो, "त्यात बटाटा होता."

"किती?"

"एकोणीस."

असम्प्टाने चष्मा काढला. "मी तीनदा घेतलं," ती हळूच म्हणाली.

"तू तीनदा नाही घेतलंस," कार्मेल म्हणाली. "एकदा घेतलंस. बाकीचं माझं होतं. तू कन्सेप्टाच्या सुनेबद्दल सांगत होतीस ना, तेव्हा मी माझं तुझ्या ताटात सरकवत होते."

"म्हणूनच ते संपेना!" असम्प्टा म्हणाली. "मला वाटलं, काय हे वाढप!"

मी कार्मेलकडे बघत राहिलो. "तुला माहीत होतं?"

"अरे बाबा, मी जेरीची मुलगी," कार्मेल म्हणाली. "पहिल्या घासाला कळलं. केर्स पिंक जातीचा, मॉसच्या वरच्या शेतातला. माझ्या वडिलांच्या बेण्याचा. तीन महिन्यांनी तोंडात तो आला रे! डोळे मिटले तर मी आठ वर्षांची होते आणि बाबा टोपात डोकावत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? खिडकीत तुम्ही चौघे. फादरांच्या कानाला फ्लॉवर लागलेला, फिनबारच्या हातात ती वही, आणि तू तर असा बघत होतास, की मी वाईट तोंड केलं असतं तर जागीच कोसळला असतास. एक घास खाल्ला मी, तेवढाच. बाकी गेला तिच्याकडे." मग तिने माझ्या हातावर चापट मारली. "आणि आठवडाभर माझ्या पायांकडे काय बघत होतास, ते आता कळलं मला, मूर्खा!"

असम्प्टा इतकी हसत सुटली की बाहेरच्या मुलीने दार उघडून बघितलं. मग डोळे पुसत ती कागदावर काहीतरी लिहू लागली. "कृती राहू दे," ती म्हणाली. "पण कार्मेल, चाळीसवर आलीस तर रविवारी एक बटाटा चालेल तुला. एक. अंड्याएवढा. आणि कॉलमन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाका हो."

त्या रविवारी सकाळी मॉस एक पोतं घेऊन आला. कार्मेलने ते स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथं केलं, फ्रिजमधून एक अंडं काढलं आणि एकेक बटाटा त्याच्याशी लावून बघू लागली. हा मोठा, तो लांबट, याला डोळे फार. शेवटी एक पसंत पडला. मी म्हणालो, "मी ठेवतो उकडायला," आणि ती म्हणाली, "ठेव," आणि खिडक्या उघडायला उठली नाही. हे मी मुद्दाम नमूद करतो.

एवढ्या मोठ्या टोपात एकच बटाटा बघायला विचित्र वाटत होतं. आम्ही दोघेही चुलीपाशी उभे राहिलो. पाण्याला उकळी आली, मग आणखी काही वेळ गेला, आणि त्याची गुलाबी साल एका बाजूला तडकली, आणि मग दुसऱ्या बाजूला, आणि आतला पांढरा गर दिसायला लागला.

कार्मेल वाकून टोपात डोकावली. "बघ," ती म्हणाली, "हसायला लागला."

मी टोप उतरवला. तिने बटाटा सोलला, लोणी लावलं, आणि सुरीने त्याचे दोन भाग केले. मोठा भाग तिने माझ्या ताटात ठेवला. मी तो परत तिच्या ताटात ठेवला. यावर आमचं चांगलंच भांडण झालं आणि शेवटी आम्ही तो मोठा भागही निम्मा करून खाल्ला.